रक्कम सांगा आणि गप्प बसा

हॅलोआत्यांना गप्प बसता येत नाही हे त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या ओळखीचं नाही असं आसपास कोणी उरलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोनवर काढली. आलेला फोन योग्य त्या वॉर्डात जोडून द्यायचा, एवढंच काम. पण आत्या जोडून देण्याआधी चार शब्द विचारत, चाराचे चाळीस होत, आणि कधीकधी तोवर पेशंटला घरी सोडलेलं असे. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "आता जरा शांतता मिळेल," आणि लगेच रुमाल काढून डोळे पुसायला लागले.

निवृत्त झाल्यावर आत्या घरी बसतील अशी कोणाची समजूत असलीच तर ती आठवड्याभरात दूर झाली. इस्त्रीवाल्याच्या शेजारी दोन खोल्यांचं एक साहित्य केंद्र होतं. आजारपणात लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, काठ्या, लोकांना फुकट वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घ्यायच्या, असा संस्थेचा साधा हेतू. पुढच्या खोलीत एक टेबल, एक काळा फोन आणि भिंतभर लोखंडी कपाट. आत्या त्या टेबलाशी बसल्या त्या बसल्याच.

मागच्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. जन्मभर सायकली दुरुस्त केलेला माणूस. आता खुर्च्यांची चाकं सरळ करत होता. आत्यांच्या वाट्याला आलेले शब्द बहुधा मिस्त्रींच्या वाट्यातून काढलेले असावेत. "झालं", "नाही झालं" आणि "पाना कुठंय" एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. दोघं बहीणभाऊ एकाच घरात राहत. दिवसभर बोलून आत्यांचा घसा इतका बसलेला असे की रात्री जेवताना त्या फक्त मिठाकडे बोट दाखवत. मिस्त्री मीठ सरकवत. ताटवाट्यांचे आवाज सोडले तर त्या घरात बोलणं असं होतच नसे, आणि यात काही वावगं आहे असं दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हतं. निदान आत्यांना तरी वाटत नव्हतं.

आता संस्थेच्या दुखण्याकडे येऊ. वस्तू द्यायचं काम फार झकास चालायचं. परत घ्यायचं कामच मुळी चालत नव्हतं.

त्याला कारण आत्यांची पद्धत. खुर्ची नेलेल्या प्रत्येक घरी त्या महिन्यातून एकदा फोन करायच्या. उद्देश असा की पेशंटची गरज संपली का, वस्तू परत मिळेल का, ते विचारावं. पण हे विचारायचं कोणत्या तोंडाने? माणूस चालता-फिरता झाला असता तर खुर्ची आपणहून आली असती. आली नाही, म्हणजे एक तर तो तसाच खिळून आहे, नाहीतर गेला. "खुर्ची झाली का मोकळी?" हे कुठल्या सभ्य बाईच्या तोंडून निघेल? म्हणून आत्या फक्त म्हणत, "काय, कसं काय सगळं?" तिकडून उत्तर येई, "बरं आहे." मग विषय निघे तो कुंड्यांचा, जावयाचा, पाण्याच्या नळाचा. अर्ध्या तासाने आत्या समाधानाने फोन ठेवत. खुर्ची जिथल्या तिथे राही. कपाट रिकामं, दाराशी नवा गरजू उभा, आणि संस्था आपली दरवर्षी नव्या खुर्च्या विकत घेते आहे.

खुर्च्यांचे, भाड्याचे आणि फोनबिलाचे पैसे एक जुना ट्रस्ट देत असे. त्या ट्रस्टवर नवी माणसं आली, त्यांनी फोनबिल पाहिलं, आणि आकडा दोनदा तपासला. पत्र न लिहिता त्यांनी एका सल्लागार बाईंनाच पाठवून दिलं. लहान लहान संस्थांना आपला खर्च आपण भागवायला शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. चुणचुणीत, तरतरीत, चष्मा डोक्यावर आणि पेन केसांत. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "वर्ष संपेपर्यंत तुमचा निम्मा खर्च तुम्ही स्वतः उभा करायचा. तो झाला तर बाकीचा निम्मा ट्रस्ट देत राहील. नाही झाला तर जागा सोडायची. संस्थेनं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे."

"कुबड्या वाटणाऱ्यांना सांगते आहेस होय गं हे!" आत्या म्हणाल्या. पण हसू काही आलं नाही. जागा गेली तर टेबल जाणार, टेबल गेलं तर फोन जाणार, आणि मग उरलेलं आयुष्य कोणाशी बोलायचं? आत्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. तिथून फक्त कानस घासल्याचा आवाज येत होता.

सल्लागार बाईंचा उपाय दोन पायांचा होता. पडून असलेल्या वस्तू परत मागवायच्या, म्हणजे नव्या घ्यायला नकोत. आणि ज्यांना परवडतं त्यांच्याकडे दरमहा वर्गणी मागायची.

"मागायची?" आत्यांचा चेहरा कोणीतरी चारचौघांत नाचायला सांगावं तसा झाला.

"मागायची. त्याचा एकच नियम आहे. रक्कम सांगायची आणि गप्प बसायचं."

"म्हणजे किती वेळ?"

"समोरचा बोलेपर्यंत."

"आणि तो बोललाच नाही तर?"

"तरी गप्प."

आत्यांनी हा नियम दोनदा समजावून घेतला. कारण तो त्यांना रानटी वाटला. मग सराव सुरू झाला. सल्लागार बाई झाल्या कापडाच्या दुकानाचे मालक, आत्या झाल्या आत्या.

"दरमहा दोनशे द्याल का?" आत्या म्हणाल्या आणि त्यांनी ओठ मिटले. कान लाल झाले, मग गाल. टेबलावरचे हात एकमेकांना पिळायला लागले. "म्हणजे जमत असेल तर हो! नाहीतर शंभरच द्या. आणि शंभर तरी कशाला, आता महागाई काय कमी आहे? दुकानाचं भाडं, नोकरांचे पगार... तुमची कंबर दुखते ना, मालक? थांबा, मी तुम्हालाच एक पट्टा देते." आणि त्या खरोखर उठून कपाटाकडे गेल्या.

खऱ्या मालकांच्या बाबतीत याहून वाईट झालं. ते बिचारे फोनवर आपणहून म्हणाले, "आत्या, पाचशे लिहा." आत्यांना इतका संकोच वाटला की घासाघीस करून त्यांनी मालकांना पन्नासवर आणलं, आणि तेही लेकीच्या लग्नाची धावपळ संपल्यावर द्या म्हणून बजावलं. सल्लागार बाईंनी केसांतलं पेन काढलं, पाहिलं आणि परत खोचलं. विकणाऱ्यानेच भाव पाडल्याचं त्यांनी प्रथमच पाहिलं असावं.

"सराव हवा," त्या म्हणाल्या. "घरी कोणी आहे का, ज्यांच्यासमोर गप्प बसता येईल?"

तेव्हा मागच्या खोलीच्या दारात मिस्त्री उभे दिसले. हातात फडकं, चेहऱ्यावर कोणी कधी न पाहिलेला उत्साह. "माझ्यासमोर बस," ते म्हणाले. "दिवसभर बस."

आत्या मागच्या खोलीत गेल्या आणि उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसल्या. समोर मिस्त्री, मांडीवर चाक. आत्यांनी घसा साफ केला. "मिस्त्रीसाहेब, संस्थेसाठी दरमहा दोनशे द्याल का?"

आणि त्या गप्प बसल्या.

मिस्त्रीही गप्प. ते चाकाची एकेक तार बोटाने वाजवून पाहत होते. गप्प बसण्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक तार, दुसरी तार. आत्यांना घाम फुटला. बाहेर इस्त्रीवाल्याने पाणी शिंपडल्याचा आवाजसुद्धा इथे ऐकू आला. मिस्त्रींनी मान वर केली, ओठ किंचित उघडले, आणि तेवढ्यात आत्यांचा बांध फुटला. "अरे दादा, काहीतरी बोल की! हो म्हण, नाही म्हण, जीव जातोय माझा!"

मिस्त्रींनी ओठ मिटले. "मला बरं वाटत होतं," एवढंच म्हणून त्यांनी पाना उचलला.

अशा रीतीने सराव नापास झाला. वर्ष सरत चाललं होतं, वर्गणीच्या खात्यावर कापडवाल्यांचे पन्नास, तेही लग्नानंतर. शेवटी सल्लागार बाई म्हणाल्या, "पैसे राहू द्या. आधी एक खुर्ची परत मागू. मी शेजारी बसते."

पहिला फोन भूगोलाच्या मास्तरांना करायचं ठरलं. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. बायकोच्या पायातलं बळ गेलं तेव्हा त्यांनी केंद्राची सगळ्यात चांगली खुर्ची नेली होती. आत्यांचा दर महिन्याचा आवडता फोन हा. मास्तर कबुतरांवर चिडत, नकाशे कसे चुकीचे छापतात ते सांगत, आणि "वहिनी कशा आहेत?" विचारलं की म्हणत, "बरी आहे." अशा माणसाकडे खुर्ची मागायची!

"मास्तर," आत्या म्हणाल्या, "कपाट रिकामं आहे हो. ती खुर्ची... परत द्याल का?" आणि पुढचं काही बाहेर पडायच्या आत त्यांनी आपलाच रुमाल दातांत धरला. सल्लागार बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

तिकडून काहीच आवाज नाही. मास्तरांच्या घरातलं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. आत्यांना ते घड्याळ आहे हेही आजवर माहीत नव्हतं. रुमाल ओला झाला. मागच्या खोलीतला हातोडा थांबला.

"ती गेली, आत्या," मास्तर म्हणाले. "खुर्ची नेली त्याच वर्षी गेली."

आत्यांच्या दातांतून रुमाल सुटला, पण शब्द एकही आला नाही. हे मात्र सरावामुळे नव्हतं.

"नंतर तुमचा पहिला फोन आला तेव्हा तुम्ही इतक्या हौसेनं विचारलंत, की माझ्या तोंडून निघून गेलं, बरी आहे. पुढच्या महिन्यात खरं सांगावं तर मागचं खोटं ठरतं. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. मग..." मास्तर थांबले. "मग मला सवय झाली. महिन्यातून एकदा, तुमच्या फोनवर, ती बरी असायची."

आत्या रडायला लागल्या. मोठमोठ्याने, लहान मुलीसारख्या. सल्लागार बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला आणि लगेच काढून पुसायला घेतला.

"खुर्ची घेऊन जा तुम्ही," मास्तर म्हणाले. "मीच आणून दिली असती. पण खुर्ची दिली की तुमचा फोन बंद, हे मला ठाऊक होतं. फोन खुर्चीला असतो, माणसाला नसतो."

"असं कोण म्हणतं?" आत्या ओरडल्या. "कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला? मी फोन करणार! खुर्ची असो नसो!"

"मग मी त्याचे दरमहा दोनशे देईन," मास्तर म्हणाले.

बोलण्याचे पैसे! आत्यांना हे इतकं लागलं की त्यांची वाचाच बसली.

"बरं, तीनशे," मास्तर म्हणाले.

आत्यांचा आ वासलेलाच.

"चारशेच्या वर मात्र पेन्शनमध्ये बसत नाही हो आत्या," मास्तर अजिजीने म्हणाले, तेव्हा कुठे सल्लागार बाईंनी फोन हातातून काढून घेतला आणि तीनशेवर सौदा मिटवला.

त्यानंतर दोन आठवडे जे झालं त्याने सल्लागार बाईंची धंद्याबद्दलची सगळी मतं हलली. आत्या एकेका घरी फोन लावत, वस्तू मागत, दातांत रुमाल धरत, आणि त्या शांततेत लोक एकेक गोष्ट कबूल करत. एका गृहस्थांचा पाय केव्हाच बरा झाला होता. ते मधल्या काळात डोंगर चढून आले होते आणि कुबड्या माळ्यावर होत्या. एक काकू वॉकर ठेवून घेण्यासाठी दर महिन्याला आत्यांना नवं दुखणं सांगत. दुखणी संपत आल्यावर त्यांनी जावेची वापरायला काढली होती. एका घरातला आजार बरा होऊन, माणूस नोकरीला लागून, त्याचं लग्नसुद्धा झालं होतं आणि बायकोला काठी ही सासरची वस्तू वाटत होती. कोणालाच वस्तू नको होती. वस्तू परत केली की आत्या तुटतील, एवढीच सगळ्यांना धास्ती.

खुर्च्या परत येऊ लागल्या. कपाट भरलं, मग कपाटाच्या वर, मग टेबलाखाली. मिस्त्रींच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

"आत्या," सल्लागार बाई म्हणाल्या, "मी इतके दिवस उलटं शिकवत होते. तुमच्या संस्थेकडे लोकांना हवी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुमची बडबड. तिचीच वर्गणी लावू."

यावर आत्या ज्या भडकल्या त्याचं वर्णन न केलेलं बरं. मी काय मीटर लावून बोलू? पैसे देईल त्यालाच खुशाली विचारू? उद्या रिक्षासारखी भाडं परवडत नसेल तर उतरा म्हणू? इस्त्रीवाला इस्त्री उभी करून दारात आला. शेवटी तह झाला. फोन सगळ्यांना जायचे, देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला सारखेच. वर्गणी संस्थेला, ज्याची त्याने ठरवायची. कोण देतं नि कोण नाही हे आत्यांना कळूच द्यायचं नाही, म्हणजे आवाजात फरक पडायला नको. फक्त नवा वर्गणीदार झाला की त्याच दिवशी एक आभाराचा फोन, एवढा अपवाद. "आणि मास्तरांकडून दोनशेच," आत्यांनी बजावलं. "तो माणूस घाबरून बोलला."

वर्ष संपलं तेव्हा खर्चाचा निम्मा भाग उभा राहिला होता, आणि वर थोडं उरलं होतं. जागा राहिली. टेबल राहिलं. कापडवाल्या मालकांनी लेकीचं लग्न आटपून पन्नासाचे पाचशे केले आणि आत्यांना यावर एक शब्दही बोलू दिला नाही.

ट्रस्टचा होकार घेऊन सल्लागार बाई आल्या त्या दिवशी त्यांना पुढच्या संस्थेकडे जायचं होतं. तिथे म्हणे वाचनालयातली पुस्तकं परत येत नव्हती. निघता निघता त्या म्हणाल्या, "आज एक नवे वर्गणीदार झालेत. दरमहा दोनशे. नाव सांगू नका म्हणालेत. नंबर सांगते, आभार माना."

आत्यांनी नंबर फिरवला. तिकडे घंटी वाजायला लागली आणि त्याच वेळी मागच्या खोलीतही कुठलासा फोन किणकिणला.

"दादा!" आत्या रिसीव्हरवर हात ठेवून ओरडल्या. "भाच्यानं दिलेला तो तुझा फोन बंद कर आधी! इथं माझा महत्त्वाचा कॉल चाललाय, काही ऐकू येत नाही!"

मागचा आवाज थांबला. "हॅलो," रिसीव्हरमध्ये कोणीतरी म्हणालं. भिंतीपलीकडूनही म्हणालं.

आत्यांनी सल्लागार बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून इस्त्रीवाल्याकडे फार लक्षपूर्वक बघत होत्या.

"त्या दिवशी तू विचारलं होतंस," मिस्त्री म्हणाले. "डब्यावर बसून. मी हो म्हणणार होतो. तू मधेच बोललीस."

आत्या गप्प. रुमाल टेबलावर तसाच पडलेला.

ही शांतता पाहून मिस्त्रींचीच पंचाईत झाली. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "इतकी वर्षं भिंतीआडून तुझं निम्मं बोलणं ऐकतोय," ते म्हणाले. "समोरचा काय म्हणतो ते कधी कळत नाही. म्हटलं, एकदा आपणच समोरचे व्हावं." मग जरा वेळाने, "वर्गणीदाराला खुशाली विचारतात असं ऐकलंय."

आत्यांनी पदर सावरला. आवाज फोनवरचा लावायचा प्रयत्न केला, तो काही लागला नाही. "काय दादा," त्या म्हणाल्या, "कसं काय सगळं?"

"गुडघा दुखतो."

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली."

"दोन वर्षं! अरे, मग मला बोलला का नाहीस?"

"तू फोनवर होतीस."

आत्यांनी रिसीव्हर कान आणि खांद्यात धरला आणि दुसऱ्या हाताने कपाटाचं दार ओढलं. आता तिथे काठ्या होत्या, हव्या त्या उंचीच्या. "फोन ठेवू नकोस," त्या म्हणाल्या आणि एकेक काठी काढून टेबलाशी लावून बघायला लागल्या. "आणि सगळं नीट सांग. जिना चढताना दुखतो की उतरताना?"